‘असे साधन नाही’ : एका संदेशाची चिकित्सा

संगणक सुरू होताना पडद्यावर उमटणारी वाक्ये वाङ्मय नव्हेत, हे उघड आहे. परंतु ती विधाने आहेत, आणि विधानाला सत्यासत्याची कसोटी लागू पडते. ग्रब या बूटलोडरला आपली डिस्क सापडली नाही की तो ‘नो सच डिव्हाइस’ असे म्हणून एक लांबलचक ओळखक्रमांक देतो व ‘ग्रब रेस्क्यू’पाशी थांबतो. हे अस्तित्वाविषयीचे विधान झाले. वस्तुतः घडलेले असते ते एवढेच, की नोंदलेल्या क्रमांकाचा शोध निष्फळ ठरला. बूटचे पार्टिशन नव्याने फॉरमॅट केले की क्रमांक बदलतो. तार सैल असली की डिस्क दिसतच नाही. कोलत्यांच्या संशोधनामुळे महानुभावीय पोथ्यांची पाठचिकित्सा नागपुरास परिचित आहे. त्या शिस्तीत ‘या पोथीत पाठ आढळत नाही’ आणि ‘पाठ नाही’ ही दोन विधाने कोणी एक मानीत नाही. येथे तो भेद पुसला जातो. संदेश शब्दशः घेऊन जो विद्यार्थी घाईने नवी प्रणाली बसवू लागतो, तो प्रबंधाची एकुलती प्रत आपल्याच हाताने गमावण्याचा संभव असतो.

जुना लिलो याहून अबोल, पण अधिक प्रामाणिक होता. एकेक टप्पा पार पडताच तो आपल्या नावाचे एकेक अक्षर छापी. ‘एल’, ‘आय’ एवढ्यावर तो अडला तर दुसरा टप्पा वाचला गेला, परंतु चालला नाही, असा अर्थ होई. अर्थात त्याचा शोध दुबळा होता: तो फाइलचे नाव न पाहता तिची डिस्कवरील जागाच टिपून ठेवी, आणि कर्नेल बदलले की ती टिपणे पुन्हा करावी लागत.

ग्रबच्या बाजूने जागेची अडचण पुढे केली जाईल. ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरमध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम ४४६ बाइट येतात, हे खरे. तथापि प्रस्तुत संदेश त्या सेक्टरमधला नव्हे. तो पुढच्या, पुष्कळ ऐसपैस भागातून येतो. शिवाय दिसणाऱ्या डिस्कांची यादी त्याच्यापाशी असतेच. ‘एलएस’ म्हणताच तो ती मांडतो (डिस्क शून्यापासून मोजायच्या आणि पार्टिशने एकापासून, ही विक्षिप्त गणती तेवढी सोसावी लागते). यादीत योग्य पार्टिशन आढळले, तर ‘प्रीफिक्स’ तिकडे वळवून ‘इनस्मॉड नॉर्मल’ व मग ‘नॉर्मल’ म्हणताच नेहमीची निवडसूची बहुधा परत येते. यंत्रणा उघडल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवून नोंद दुरुस्त करायची एवढेच उरते.