भाषा एक, वर्तन दोन : रॉबिन मिल्नर यांच्या एका ग्रंथाची समीक्षा

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या सैद्धांतिक शाखेत ‘भाषा’ हा शब्द अगदी मोजक्या अर्थाने वापरला जातो. तेथे भाषा म्हणजे चिन्हांच्या ओळींचा संच. एखादी ओळ या संचात बसते की नाही, एवढाच प्रश्न विचारायचा. नोम चॉम्स्की यांनी १९५६ साली भाषेच्या वर्णनाची तीन प्रारूपे मांडली. त्याच वर्षी स्टीफन क्लीनी यांचा मर्यादित अवस्थांच्या यंत्रांवरील निबंध प्रसिद्ध झाला. या दोन प्रवाहांतून ऑटोमॅटा व औपचारिक भाषा हा विषय उभा राहिला आणि आज तो संगणकशास्त्राच्या पदवी वर्गांना नेमलेला असतो. यंत्राची ओळख त्याच्या भाषेवरून करावी, म्हणजे दोन यंत्रांची भाषा एक असेल तर ती यंत्रेही एकच मानावीत, असा या विषयाचा पाया आहे.

हा पाया कुठे अपुरा पडतो, हे दाखवणारा ग्रंथ म्हणून रॉबिन मिल्नर यांच्या ‘कम्युनिकेटिंग अँड मोबाइल सिस्टिम्स : द पाय-कॅल्क्युलस’ (केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, १९९९) या पुस्तकाचा विचार येथे करावयाचा आहे. मिल्नर (१९३४–२०१०) यांना १९९१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. ग्रंथ दोनशे पानांहून लहान आहे. भाषा शिकवणाऱ्यांनीही त्याची दखल घ्यावी असा एक मुद्दा त्याच्या पहिल्या काही प्रकरणांतच आला आहे.

चहा-कॉफीचे यंत्र

मिल्नर चहा व कॉफी देणाऱ्या यंत्राचे उदाहरण घेतात. ते थोडे सोपे करून सांगतो. पहिल्या यंत्रात नाणे टाकले की चहा आणि कॉफी ही दोन्ही बटणे दाबता येतात. दुसऱ्या यंत्रात नाणे पडताक्षणी यंत्र आतल्या आत ठरवते आणि मग कधी फक्त चहाचे बटण चालते, तर कधी फक्त कॉफीचे. दोन्ही यंत्रांच्या नोंदी काढल्या तर त्या सारख्याच निघतात : ‘नाणे, चहा’ आणि ‘नाणे, कॉफी’. म्हणजे भाषा एकच. परंतु कॉफी हवी असलेला ग्राहक पहिल्या यंत्रापुढे कधीच अडत नाही, आणि दुसऱ्यापुढे नाणे टाकून खोळंबून राहू शकतो.

जुनी उपपत्ती या दोन यंत्रांना समान का ठरवते? यंत्रापुढे अनेक वाटा असल्या तरी त्यांपैकी एखादी वाट यशस्वी झाली की ती ओळ स्वीकारली गेली, असे ती मानते. अडलेल्या वाटेची नोंदच होत नाही. ओळ तपासणाऱ्या यंत्रापुरते हे योग्य आहे. पण समोर दुसरा कोणी उभा असेल व त्याच्याशी देवाणघेवाण करावयाची असेल, तर निवड कोणाच्या हाती आणि कोणत्या क्षणी होते, यालाच महत्त्व येते.

छापलेला दीवान आणि मुशायरा यांत असाच फरक आहे. दीवानात शेर एका क्रमाने येतात. मुशायऱ्यात श्रोत्याने ‘मुकर्रर’ म्हटले की शायर मिसरा पुन्हा वाचतो, दाद न मिळाल्यास पुढे सरकतो. त्या रात्रीची लेखी नोंद नंतर कितीही काटेकोर केली, तरी कोणत्या ठिकाणी शायरापुढे कोणते पर्याय खुले होते, हे तिच्यात उतरत नाही.

यावर मिल्नर यांचा उपाय ‘बायसिम्युलेशन’ म्हणजे परस्पर-अनुकरण हा आहे. त्याची आजची व्याख्या डेव्हिड पार्क यांनी १९८१ साली दिली. एका यंत्राने कोणतीही चाल केली तरी दुसऱ्याला तीच चाल करता आली पाहिजे, आणि चालीनंतर दोघे जेथे पोचतील तेथूनही हेच नाते टिकले पाहिजे. उलट दिशेनेही तसेच. या कसोटीवर वरील दोन यंत्रे वेगळी ठरतात.

ग्रंथाच्या उत्तरार्धात पाय-कॅल्क्युलस येतो. जोआकिम पॅरो व डेव्हिड वॉकर यांच्यासह मिल्नर यांनी रचलेली ही पद्धती १९९२ साली निबंधरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात संदेश म्हणून वाहिनीचे नावच पाठवता येते. धावत्या मोटारीतील फोन एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, हे उदाहरण मिल्नर यांनी अत्यंत थोडक्या चिन्हांत उलगडले आहे. कोण कोणाशी बोलू शकतो हेच बोलण्यातून बदलत जाते, ही कल्पना ग्रंथाची खरी कमाई होय.

दोन आक्षेप

तथापि या मांडणीवर दोन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप असा की बायसिम्युलेशनची कसोटी कधी कधी गरजेपेक्षा कडक होते. समजा, नाणे टाकल्यावर एकच बटण आहे आणि ते दाबल्यावर चहा की कॉफी हे यंत्राच्या मर्जीवर आहे. यंत्राने हा निर्णय नाणे पडताना घेतला की बटण दाबताना, हे ग्राहकाला कोणत्याही उपायाने कळणार नाही. तरीही मिल्नर यांची कसोटी ही दोन यंत्रे वेगळी मानते. टोनी होअर यांच्या परंपरेत आणि डी निकोला व हेनेसी यांच्या १९८४ च्या चाचणी-आधारित उपपत्तीत ती समान ठरतात. ग्राहकाच्या अनुभवावरून प्रश्न उपस्थित करणाऱ्या ग्रंथाने ग्राहकाला न जाणवणारा भेद जपावा, याचे अधिक समर्थन अपेक्षित होते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. दोन शिक्षक दोन वर्गांत एकाच वेळी शिकवत आहेत, आणि एकच शिक्षक दोन्ही वर्ग हव्या त्या क्रमाने एकामागून एक घेत आहे, या दोन स्थिती मिल्नर यांच्या पद्धतीत समान ठरतात. कारण निरीक्षक एका वेळी एकच घटना टिपतो, असे तेथे गृहीत आहे. कार्ल अ‍ॅडम पेट्री यांनी १९६२ च्या प्रबंधात जी वाट दाखवली, तीवरून पुढे गेलेल्या पेट्री-जाळ्यांत या स्थिती वेगळ्या राहतात. कारण तेथे स्वतंत्रपणे घडणे हीच मूळ गोष्ट आहे. नोंदवहीत उतरत नाही ते नाहीच, हा जो दोष मिल्नर जुन्या उपपत्तीला देतात, तो या ठिकाणी त्यांच्यावरही उलटतो. २००९ च्या आपल्या अखेरच्या ग्रंथात त्यांनी ‘स्थान’ व ‘जोडणी’ या दोहोंना जागा देणारी, पेट्री-जाळी व पाय-कॅल्क्युलस यांना सामावून घेऊ पाहणारी चौकट मांडली, हे येथे नमूद केले पाहिजे.

समारोप

दोन गोष्टी समान आहेत असे म्हणताना आपण कोणाच्या जागी उभे राहून म्हणतो, हा प्रश्न या ग्रंथाने नेमकेपणाने विचारला, आणि म्हणून आक्षेप मान्य करूनही तो वाचनीय ठरतो. ऑटोमॅटा शिकवताना दोन यंत्रे ‘समतुल्य’ आहेत हे सिद्ध करून आपले सहकारी पुढच्या धड्याकडे वळतात. त्यांनी तेथे पाच मिनिटे थांबून चहा-कॉफीचे यंत्र फळ्यावर काढावे. समतुल्य कोणत्या कामासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांना तेथेच पडेल. भाषेच्या शिक्षकांनाही तो सुटलेला नाही. दोन उत्तरपत्रिकांतील ओळी हुबेहूब जुळतात, आणि तोंडी परीक्षेत पहिलाच उपप्रश्न विचारताच एक विद्यार्थी पुढे बोलतो व दुसरा अडतो. लेखी गुणांनी या दोघांना समान ठरवणारी आपली पद्धत मिल्नर यांच्या कसोटीला उतरत नाही.