मुक्तेचा प्रश्न आणि मिशनचे कपाट

१८४२ साली अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केला, तो मुख्यतः धर्मप्रसारार्थ. मिशनशाळांत अक्षर सर्वांना खुले होते. वाचावयाचे काय, हे मात्र बहुधा आधीच ठरलेले असे. तथापि १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच पत्राने फुल्यांच्या शाळेतील १४ वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध छापला, हे श्रेय नाकारता येत नाही. वेद ब्राह्मणांचे, तर मांग-महारांचा धर्मग्रंथ कोणता, असे ती विचारते. यात केवळ बायबलची वाट मोकळी झालेली पाहणे उथळपणाचे होय. ग्रंथावरील मालकीच ती तपासते. १९५० साली ‘महाबोधी’तील लेखात बाबासाहेबांनी बौद्धांसाठी बायबलसारख्या एका ग्रंथाची निकड मांडली. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली निघाला. आमच्या विहारांतून तो पूजास्थानी असतो. घरी वाचावयास नेऊ देणारे कपाट मात्र विरळाच.