गायतोंडे, वासुदेव संतू
(२ नोव्हेंबर १९२४–१० ऑगस्ट २००१). आधुनिक भारतीय चित्रकलेतील एक अग्रगण्य चित्रकार. वस्तुनिरपेक्ष चित्रकलेस भारतात जे स्वतंत्र व परिपक्व रूप लाभले, त्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. घराणे मूळचे गोव्याचे. जन्म नागपूर येथे. बालपण गोव्यात व नंतर मुंबईतील गिरगावात गेले. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४८ मध्ये संपादन केली.

कलाशाळेत त्या काळी पाश्चात्त्य वास्तववादी रेखाटनाबरोबरच भारतीय शैलीचेही शिक्षण दिले जाई व जगन्नाथ अहिवासी हे त्या परंपरेचे प्रमुख अध्यापक होते. भारतीय लघुचित्रांच्या अभ्यासाचा गायतोंडे यांच्यावर झालेला परिणाम मात्र काहीसा अनपेक्षित होता. पुनरुज्जीवनवादी चित्रकारांनी लघुचित्रांतून कथाविषय, वेशभूषा व लयदार बाह्यरेषा उचलल्या. गायतोंडे यांचे लक्ष सपाट रंगक्षेत्रांच्या परस्परप्रमाणांवर खिळले. आकृती वगळली तरी चित्र शिल्लक उरते, ही जाणीव त्यांना येथेच झाली असे मानण्यास आधार आहे. पॉल क्ले (१८७९–१९४०) या स्विस-जर्मन चित्रकाराच्या कृतींनी या जाणिवेला दिशा दिली. १९५० च्या आसपासच्या गायतोंडे यांच्या चित्रांत मनुष्याकृती आहेत. परंतु त्या पातळ, खेळकर रेषेने बांधलेल्या व भूमितीय रंगतुकड्यांत विभागलेल्या असून क्लेचे ऋण त्यांत उघड दिसते. ही चित्रे मोहक आहेत, पण त्यांवरून पुढील गायतोंडे यांची कल्पना येत नाही.

फ्रान्सिस न्यूटन सोझा, सैयद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे व सदानंद बाकरे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपमध्ये गायतोंडे १९५० मध्ये सामील झाले. सोझा तोवर परदेशी गेले होते आणि गटाची बांधणी सैल झाली होती. गायतोंडे यांचे नाव या गटाशी नेहमी जोडले जात असले, तरी गटातील बहुतेकांची आकृतिप्रधान, अभिव्यक्तिवादी वृत्ती त्यांच्यात नव्हती. त्यांच्या घडणीच्या दृष्टीने मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेचे वातावरण अधिक महत्त्वाचे म्हणावे लागेल. तेथे चित्रकारांना अल्प खर्चात काम करण्यास जागा मिळे. रविशंकर यांचे संगीत आणि इब्राहिम अल्काझी यांचे नाट्यप्रयोग त्याच वास्तूत चालत. समोर समुद्र होता.

या काळात, म्हणजे १९५० ते १९६० या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांच्या चित्रांतून आधी आकृती व मग रेषा नाहीशी झाली. १९५७ मध्ये टोकिओ येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. ‘अमूर्त’ हे विशेषण आपल्या चित्रांना लावण्यास त्यांचा विरोध असे. ‘वस्तुनिरपेक्ष’ ही संज्ञा त्यांना मान्य होती. हा भेद केवळ शाब्दिक नाही. अमूर्तीकरणात आरंभी एखादी वस्तू असते व तिचे रूप क्रमाक्रमाने गाळले जाते. रामकुमार यांच्या वाराणसीविषयक चित्रांत घाट व घरे अशा रीतीने विरघळतात, तरी स्थलाची आठवण मागे राहते. गायतोंडे यांच्या परिणत चित्रात अशी वस्तू आरंभीही नसते. प्रेक्षकाला धुके, पाणी, क्षितिज यांचा भास होतो हे खरे. विशेषतः १९६० नंतरच्या काही चित्रांत मध्यभागी आडवा पट्टा येत असल्याने समुद्राची आठवण अटळ ठरते. तथापि हा भास रंगद्रव्याच्या वागणुकीतून उद्भवतो, निसर्गाच्या चित्रणातून नव्हे. चित्रांना शीर्षके न देण्याचा किंवा केवळ क्रमांक देण्याचा त्यांचा परिपाठ याच भूमिकेशी सुसंगत होता.

त्यांच्या रचनापद्धतीचा विचार येथे तपशिलाने करणे आवश्यक आहे. कारण त्यांच्या चित्रांविषयीच्या लेखनात चिंतन, मौन, ध्यान हे शब्द विपुल आढळतात आणि हाताच्या कामाचा उल्लेख त्यामानाने त्रोटक असतो. कुंचल्याचा वापर त्यांनी हळूहळू कमी केला. तैलरंगाचे पातळ थर रोलरने कॅनव्हासवर पसरावयाचे, ते ओले असतानाच पॅलेट-नाइफने काही ठिकाणी खरवडून खालचा थर उघडा करावयाचा, सुकल्यावर पुन्हा पारदर्शक थर द्यावयाचा, अशी ही प्रक्रिया दीर्घकाळ चाले. वर्तमानपत्राचे वा नियतकालिकाचे कागद फाडून किंवा कापून ते रंगात भिजवून पृष्ठभागावर दाबण्याची व उचलून घेण्याची युक्तीही ते योजीत. अशा रीतीने उमटलेल्या आकारांना हस्ताक्षराचा वळसा नसतो. ते कोणी काढल्यासारखे न वाटता रंगातूनच वर आल्यासारखे वाटतात. रोलर व कागद ही दोन्ही साधने चित्रकाराच्या मनगटाची खूण पुसून टाकणारी आहेत, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या चित्रांतील ज्या अनामिक शांततेचे वर्णन केले जाते, तिचे तांत्रिक कारण बऱ्याच अंशी हे आहे.

प्रकाशाचेही तसेच आहे. बहुतेक चित्रांत पिवळा, गेरू, करडा, हिरवा, शेंदरी असा एखादाच रंग प्रधान असतो व त्याच्या छटांनी सर्व पृष्ठभाग व्यापलेला असतो. खालच्या थरांतील फिकट रंग वरच्या पारदर्शक थरांतून परावर्तित होत असल्याने उजेड बाहेरून पडल्याचा भास न होता तो आतून झिरपत असल्याचा प्रत्यय येतो. थर जरासा जाड झाला तर तो मरतो, पातळ राहिला तर पोत उरत नाही. यांमधील अचूक बिंदू हेरणे व तेथे थांबणे, हे गायतोंडे यांचे खरे कसब. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे पूर्ण करीत. चित्र सुरू करण्यापूर्वी पुष्कळ काळ काहीही न करता घालविण्याची त्यांची सवय सर्वश्रुत होती. तिला आळस किंवा साधना यांपैकी कोणतेही नाव देण्याचे कारण नाही. ओल्या रंगावर चालणाऱ्या या पद्धतीत झालेली चूक दुरुस्त करण्यास फारसा वाव नसतो, त्यामुळे निर्णय आधीच पक्का व्हावा लागतो.

रॉकफेलर शिष्यवृत्तीवर १९६४-६५ मध्ये ते न्यूयॉर्क येथे राहिले. तेथे मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराशी त्यांची भेट झाली. या भेटीमुळे गायतोंडे यांच्या कलेला वळण मिळाले, असे सर्रास म्हटले जाते. परंतु कालक्रम पाहता ते मान्य करणे कठीण आहे. अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्‌ज यांनी १९६३ मध्येच मुंबईत गायतोंडे यांची चित्रे पाहून रॉथकोशी त्यांची तुलना केली होती, आणि १९६२ च्या सुमाराच्या चित्रांत त्यांची पद्धती पुरेशी स्थिर झालेली दिसते. न्यूयॉर्कने त्यांना आत्मविश्वास दिला असेल, भाषा दिली नाही. शिवाय दोघांच्या प्रकृतीत मूलभूत अंतर आहे. रॉथकोचे प्रचंड रंगचौकोन प्रेक्षकाला वेढून टाकतात आणि त्यांत शोकभावाचे नाट्य असते. गायतोंडे यांची चित्रे बेताच्या आकाराची असून त्यांत आवाहनाचा आवेश नाही. ती जवळ जाऊन पाहावी लागतात.

झेन बौद्धमताचे वाचन, तसेच रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती व निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांविषयीची ओढ यांमुळे त्यांच्या चित्रांना आध्यात्मिक अनुभवाचे लेख समजण्याची प्रथा पडली. स्वतः गायतोंडे यांनीही ही ओढ कधी लपविली नाही. तथापि चित्राचे मोल चित्रकाराच्या तत्त्वज्ञानावरून ठरविणे धोक्याचे आहे; तसे केले तर त्यांचे यशस्वी चित्र व सामान्य चित्र यांत निवड करण्यास काही निकषच उरत नाही. सामान्य चित्रेही त्यांनी काढली आहेत. १९७० नंतरच्या काही कृतींत लिपीसदृश चिन्हांची ओळ उभ्या अक्षावर येते. त्यांपैकी उत्तम चित्रांत ही चिन्हे रंगात अर्धवट बुडालेली असतात व वाचता येतील असे वाटत असतानाच निसटतात. इतर काहींत ती पृष्ठभागावर स्पष्टपणे तरंगतात आणि नक्षीच्या पातळीवर येतात. त्यांच्या अनुयायांनी, आणि मुंबईच्या पुढील पिढीत असे अनेक होते, नेमकी ही नक्षी उचलली.

भोवतालच्या सामाजिक उलथापालथीचा मागमूसही या चित्रांत नाही, हा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला आहे. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे व त्याला बगल देण्याचे प्रयोजन नाही. मात्र भारतीय आशय म्हणजे भारतीय विषय, हे समीकरण ज्या काळात चित्रकारांवर लादले जात होते, त्या काळात रंगद्रव्याखेरीज कशाचाही आधार न घेता चित्र उभे करण्याचा त्यांचा आग्रह ही देखील एक भूमिकाच होती. ‘बिंदू’सारख्या परंपरागत प्रतीकाचा आधार रझा यांनी पुढे घेतला, गायतोंडे यांनी तोही नाकारला.

१९६८ च्या सुमारास त्यांनी आडव्या आकाराचा त्याग करून उभ्या आकाराचा अंगीकार केला. त्यामुळे क्षितिजाचा भास ओसरला. १९७१ मध्ये ‘पद्मश्री’ने ते सन्मानित झाले. १९७२ मध्ये त्यांनी मुंबई सोडली व दिल्लीत निजामुद्दीन भागातील एका लहानशा जागेत वास्तव्य केले. अविवाहित गायतोंडे यांचा लोकांशी संपर्क उत्तरोत्तर कमी झाला. १९८४ च्या सुमारास झालेल्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना काही वर्षे अशक्य झाले. त्या अवधीत कागदावर शाईने केलेली रेखाटने आकाराने लहान आहेत आणि त्यांकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी टाकून दिलेली रेषा त्यांत परत येते, परंतु क्लेच्या खेळकरपणाचा तिच्यात लवलेश नाही. तुटक, कोरड्या व एकमेकींपासून अंतर राखणाऱ्या या रेषांत पृष्ठभागाची सर्व मोहिनी वजा झाली असून तोल तेवढा उरला आहे. पुढे ते पुन्हा तैलरंगाकडे वळले. मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान त्यांना १९८९-९० साठी लाभला. सुनील काळदाते यांनी १९९५ मध्ये त्यांच्यावर अनुबोधपट काढला.

मृत्यूनंतर त्यांची कीर्ती झपाट्याने वाढली. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे १९७९ मधील एक चित्र सु. २३·७ कोटी रुपयांस विकले गेले, तर ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले. छापील प्रतिकृतींत त्यांच्या चित्रांतील थरांची खोली सपाट होते व चिन्हे अकारण ठळक दिसतात. म्हणून मूळ कृती पाहणे अगत्याचे ठरते. नवी दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रह येथे त्यांची चित्रे आहेत.