सुधीर देशपांडेचा सीटीसी

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. तेव्हापासून त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं, त्यात ऱ्हास, सरंजामी प्रतिष्ठा आणि दाराशी गंजत पडलेला ट्रॅक्टर हमखास असतात. ते बरोबरच आहे. पण बंगळुरूच्या एका कंपनीचं ऑफर लेटर मेलमध्ये पडून असताना हे नाटक वाचलं, की नजर वाड्यावरून हटून मधल्या सुधीरवर जाते. पगारासाठी घर सोडून गेलेला तो एकटाच आहे.

तात्याजी गेलेत. सुधीर बायको अंजलीला घेऊन मुंबईहून धरणगावला येतो. तेराव्याला गावजेवण घालायचंच, कारण देशपांड्यांच्या अब्रूचा प्रश्न आहे. पैसे मात्र नाहीत, आणि सगळे सुधीरकडे बघतात. मुंबईत त्याचं कसं भागतं, हे कोणाला नीटसं ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. तो मुंबईला असतो, एवढं पुरे. ‘मुंबई’ हाच त्याच्या पगाराचा आकडा.

आमच्या कामठीत आता या आकड्याला ‘पॅकेज’ म्हणतात. शेजारचे काका विचारतात, “किती भेटते रे तिकडे?” आपण सीटीसी सांगतो आणि काका मनातल्या मनात त्याला बाराने भागतात. त्या सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, जमलं तर मिळणारा व्हेरिएबल पे असतो, एकदाच येणारा जॉइनिंग बोनस असतो. मग कर, भाडं, घरमालकाला द्यायचं काही महिन्यांचं डिपॉझिट. हातात उरतं ते काकांच्या भागाकारात बसत नाही. सुधीर-अंजलीची सगळी चिडचिड या फरकातून येते. अंजली प्रेक्षकांना तुसडी वाटते, पण त्या घरात इन-हँडचा हिशेब करणारी तीच आहे. मला तर ती पहिल्यापासून पटली.

आता राहणाऱ्यांकडे बघू. एलकुंचवार त्यांनाही फुकटचं पुण्य देत नाहीत, आणि मला या नाटकातलं हेच सगळ्यात जास्त बोचतं. थोरला भास्कर थांबला, पण घरावरच्या मायेइतकाच तो किल्ल्यांसाठीही थांबलाय. माझी मिहानमधली नोकरी सुखाची आहे. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत दुचाकी, तिथून खापरीपर्यंत मेट्रो, रात्री घरची गरम पोळी. कामही डोळे मिटून होतं. पाच वर्षं त्याच क्लायंटचं तेच मॉड्यूल. मी याला ‘आईबाबांसाठी थांबलोय’ म्हणतो. भास्करनं ट्रॅक्टरही काही गंजवायला आणला नव्हता.

आणि मग चंदू. घरातली खरी कामं करणारा, फारसं न बोलणारा. त्याच्या पायाची जखम चिघळत जाते आणि सगळे तेराव्याच्या खर्चावर भांडत राहतात. मी गेलो तर बाबांच्या शुगरच्या तपासण्या, बँक, गॅस, छत गळलं की गवंडी शोधणं हे सगळं धाकट्या भावावर पडेल. त्याला कोणी विचारलेलं नाही. मी महिन्याला पैसे पाठवीन, ते खात्यात दिसतील. त्याचे तास कुठल्याच पासबुकात चढणार नाहीत.

नाटकाबद्दल माझी एक तक्रारही आहे. सुधीरची नोकरी आपल्याला फक्त पगार म्हणून भेटते. तो दिवसभर काय करतो, त्यात त्याला काही गोडी आहे का, याला नाटकात जागाच नाही. नागपुरात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलेल्या लेखकाला वाड्याची वीट न् वीट दिसते, ऑफिसचं टेबल दिसत नाही. त्यामुळे बाहेर जाणं म्हणजे नुसती तूट, असं चित्र उभं राहतं. माझ्या पिढीतले अर्धे लोक कंटाळा आला म्हणून नोकरी बदलतात. पगार वाढतो हे खरं, पण घरच्यांना पटवायला तो सोपाही पडतो.

प्रभाचं दुःख मात्र एलकुंचवारांनी नेमकं पकडलंय. तिला शिकायचं होतं, तात्याजींनी जाऊ दिलं नाही. जावं की राहावं, हा पेच त्या घरात फक्त मुलग्यांच्या वाट्याला येतो.

माझ्या चुलत बहिणीला पाच वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी लागली होती. “एकटी मुलगी इतक्या लांब कशाला?” यावर तो विषय पंधरा मिनिटांत संपला. आता ती कामठीतच शिकवण्या घेते. परवा माझ्या ऑफरवर आमच्याकडे दोन तास चर्चा झाली. पगार, भाडं, लग्नाचं वय, नागपूर-बंगळुरू विमानाचं तिकीट, सगळं झालं. ती कोपऱ्यात वह्या तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “पण काम काय आहे तिथे?”