एक रुपयाचं तिकीट कुणासाठी?

अमिरातीत शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की भारतात जाणाऱ्या विमानांची भाडी कडाडतात. सुधा कोंगरा यांचा 'सरफिरा' नेमका त्याच हंगामात, १२ जुलै २०२४ रोजी प्रदर्शित झाला. सामान्य माणसाला विमानात बसवायचं वेड घेतलेल्या एका मराठी माणसाची ही गोष्ट. विषय भारतातल्या देशांतर्गत विमानसेवेचा असला, तरी ती आखातात राहणाऱ्यांच्या फार जवळची आहे. इथे एका अमिरातीतून दुसरीत जायला मोटार पुरते. आपलं 'घरचं' विमान म्हणजे दुबईहून किंवा शारजाहून मुंबईला तीनेक तासांत पोचवणारं, दाटीवाटीचं विमान.

चित्रपटाचं मूळ कॅप्टन गोपीनाथ यांच्या आयुष्यात आहे. सैन्यातून बाहेर पडलेल्या गोपीनाथांनी ऑगस्ट २००३ मध्ये 'एअर डेक्कन' सुरू केली. फुकट जेवण बंद, तिकीट अगदी पेट्रोल पंपावरही, आणि मोजक्या जागा एक रुपयात! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शारजातून 'एअर अरेबिया'चं पहिलं विमान उडालं, म्हणजे दोन्हीकडे स्वस्त विमानप्रवासाचा जन्म एकाच वर्षातला. कोंगरा यांनी ही कथा आधी तमिळमध्ये 'सूरराई पोट्रु' (२०२०) या नावाने सांगितली आणि तिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीत नायक झाला साताऱ्याजवळच्या जरंडेश्वरचा वीर म्हात्रे. म्हात्रे हे आडनाव रायगड-ठाण्याकडचं, ते साताऱ्यात कसं आलं हे विचारायचं नाही! अक्षय कुमार नेहमीपेक्षा आवरून काम करतो. राधिका मदनची राणी तर स्वतःचा व्यवसाय उभा करणारी, नवऱ्याशी बरोबरीने बोलणारी बाई आहे. तिच्यासाठीही चित्रपट बघावा.

सगळी कथा एका प्रसंगावर उभी आहे. वडील अत्यवस्थ असल्याचं कळताच वीर विमानतळ गाठतो. शिल्लक आहे ते तिकीट बिझनेस क्लासचं आणि खिशात तेवढे पैसे नाहीत. तो येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे हात पसरतो. घरी पोचतो तोवर सारं संपलेलं असतं. आपल्याकडे म्हणतात तसं, मुलगा मातीला पोचत नाही. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कुठेतरी लपलेली भीती पडद्यावर अशी उघडी पडते, की डोळे कोरडे राहत नाहीत. पुढचा सगळा संघर्ष याच जखमेतून निघतो.

आता हाच प्रसंग वीरच्याच कंपनीच्या खिडकीपुढे घडला असता तर? रात्री फोन आलाय, सकाळचं विमान पकडायचंय. एक रुपयाची तिकिटं केव्हाच संपली. विमान एक, खुर्ची तशीच, पण तिकिटांचे भाव पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले असतात. स्वस्त पायरी आधी विकली जाते आणि निघायची वेळ जवळ येईल तसा भाव चढत जातो. जो दोन महिने आधी बेत ठरवू शकतो त्याला प्रवास स्वस्त पडतो. ज्याला आजच निघायचंय त्याच्याकडून जास्तीत जास्त वसूल होतं. मरण काही दोन महिने आधी कळवून येत नाही. म्हणजे ज्या दुःखातून हे स्वप्न जन्मलं, त्या दुःखावर त्यात औषध नाही. चित्रपटाला याचा पत्ताच नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

याचं कारण त्याच्या खलनायकात आहे. परेश रावल यांचा परेश गोस्वामी गरिबाच्या स्पर्शानेही विटाळतो, सतत हात निर्जंतुक करतो. तुच्छतेला असा एक चेहरा दिला की तिचा पराभव करणं सोपं जातं. तशी तुच्छता खोटी नाही. २००९ मध्ये शशी थरूर यांनी इकॉनॉमीला 'गुरांचा वर्ग' म्हटल्यावर केवढा गदारोळ झाला होता! पण भावाची शिडी चालवणाऱ्या संगणकाच्या मनात कुणाबद्दल तुच्छता नसते. प्रवासी लग्नाला चाललाय की मातीला, हे त्याला कळत नाही. त्याच्याशी लढायचं कसं, हे या पटकथेला सुचलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी चित्रपटाच्या बाजूने आहे. इकॉनॉमीबद्दल बोलताना आपण बहुतेकदा पुढच्या खुर्चीला टेकणारे गुडघे, विकतचं पाणी आणि सात किलोंच्या पिशवीवरून काउंटरवर होणारी हुज्जत यांवरच बोलतो. कोंगरा या कुरकुरीकडे वळतही नाहीत. पहिल्यांदा विमानात बसलेल्या गावाकडच्या म्हाताऱ्यांचे चेहरे त्यांना महत्त्वाचे वाटतात, आणि ते बरोबर आहे. वेळेवर पोचणार असेल तर तीन तास गुडघे आखडून बसायला कुणाचीच ना नसते.

प्रश्न आहे तो वेळेवर पोचण्याचाच. भावाची शिडी वाटेल तेवढी उंच असलीच पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही. करोनाच्या काळात, मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, भारत सरकारने देशांतर्गत भाड्याला खालची आणि वरची मर्यादा घातली होती. २०१६ च्या 'उडान' योजनेत ठरावीक मार्गांवरच्या काही जागांना तासाभराच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची मर्यादा ठेवली गेली. एअर कॅनडासारखी कंपनी जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी प्रवास करणाऱ्याला वेगळं भाडं देते. विमानात दोन खुर्च्या अशा माणसासाठी राखायच्या, ही कल्पना एक रुपयाच्या तिकिटाइतकी वेडी नक्कीच नाही. स्वतःला 'सरफिरा' म्हणवणाऱ्या नायकाला ती सुचायला हवी होती, कारण विमानतळावर हात पसरणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

इथल्या मराठी घरांत हा चित्रपट जरूर बघा. बघून झाला की एक हिशेबही मांडा: आज रात्री फोन आला, तर उद्या सकाळच्या तिकिटाला आपल्याला किती पगार मोजावा लागेल, आणि आपल्या इमारतीच्या रखवालदाराला किती? आपला आकडा आठवड्याच्या पगाराच्या आत बसेल. त्याचा महिन्याभराच्या पगारातही बसेलच असं नाही.