‘पाऊलखूण’ की ‘व्याप’? : औद्योगिक अहवालांतील एका संज्ञेची चिकित्सा

मूळ शब्दाचा वाच्यार्थ हाती लागला म्हणजे परिभाषेचे कार्य संपले, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ‘फूटप्रिंट’ या इंग्रजी संज्ञेचे ‘पाऊलखूण’ वा ‘पदचिन्ह’ असे जे मराठी रूपांतर रूढ होऊ पाहत आहे, ते या समजुतीचे बोलके उदाहरण होय.

मराठी भाषकाच्या मनात पाऊलखुणेशी दोन संस्कार निगडित आहेत. पहिला पूज्यतेचा : आषाढी वारीसाठी पैठणहून निघणाऱ्या पालखीत नाथांच्या पादुका असतात. दुसरा संशयाचा : चोराचा माग त्याच्या पावलांवरूनच काढतात. एका अर्थाने पाऊलखूण जपावयाची असते. दुसऱ्या अर्थाने ती पुसणाराच गुन्हेगार ठरतो. ‘कंपनीने आपली पर्यावरणीय पाऊलखूण कमी केली’ हे वाक्य या दोहोंपैकी कोणत्याच अर्थाने नीट लागत नाही.

विल्यम रीस यांनी १९९२ मध्ये ही कल्पना मांडली व पुढे मॅथिस वाकरनागेल यांच्यासह ती विकसित केली. एखाद्या लोकसमूहाच्या उपभोगास एकूण किती भूमी व जलक्षेत्र लागते, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे येथे चिन्ह अभिप्रेत नसून परिमाण अभिप्रेत आहे. मराठीत यासाठी ‘व्याप’ हा सुबोध शब्द उपलब्ध आहे. त्यात विस्तारही आहे आणि भारही आहे.

हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय-उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्याच्या कोष्टकात पाण्याचा एकूण उपसाही नोंदवावा लागतो आणि उलाढालीशी त्याचे प्रमाणही द्यावे लागते. परंतु कोष्टकाबाहेरच्या गद्यात ‘घट’ हा शब्द बहुधा प्रमाणास लावला जातो आणि वाचकाच्या मनावर ठसते ती मात्र एकूणाची घट. समजा, एखाद्या कारखान्याने प्रत्येक वाहनामागील पाणी १० टक्क्यांनी कमी केले आणि उत्पादन ३० टक्क्यांनी वाढविले, तर त्याचा एकूण उपसा १७ टक्क्यांनी वाढतो. खूण पुसट होते, व्याप वाढतो.

सांडपाण्याचा पुनर्वापर, पर्जन्यजलसंचय, छतावरील सौरपट्टिका हे उपाय खरे आहेत. कारखान्याची कार्यक्षमता मोजण्यास प्रमाण हे साधनही योग्यच आहे. तथापि नदी प्रमाण जाणत नाही, एकूणच जाणते. छत्रपती संभाजीनगरची वस्ती आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखाने जायकवाडीच्याच जलाशयावर अवलंबून आहेत. २०१६ च्या दुष्काळात त्याचा उपयुक्त साठा संपुष्टात आला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाणीपुरवठ्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. ही कपात एका बाटलीमागील पाण्याची नव्हती. पुरविल्या जाणाऱ्या एकूण पाण्याची होती. टंचाईने न्यायसंस्थेस जी भाषा बोलावयास लावली, ती व्यापाची भाषा होती.

म्हणूनच एक विसंगती विशेष खटकते. सेबीच्या आराखड्यात जलताणाच्या प्रदेशातील उपशाची स्वतंत्र नोंद सक्तीच्या निर्देशकांत न ठेवता ऐच्छिक निर्देशकांत ठेवण्यात आली. जो प्रश्न मराठवाड्यात सर्वप्रथम विचारावयास हवा, त्याचे उत्तर देणे अशा रीतीने कंपनीच्या इच्छेवर सोपविले गेले.

‘घट’ हा शब्द दिसताच ‘कशाची?’ आणि ‘कशाच्या तुलनेत?’ हे दोन प्रश्न विचारणे, हे अर्थविचाराचे प्राथमिक कर्तव्य होय. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालाच्या गद्यात मिळत नाहीत, तो कंपनीची कार्यक्षमता सिद्ध करीत असेल. गोदावरीवरील भार हलका झाल्याचे मात्र तो सिद्ध करीत नाही.