जखमींचा जमाखर्च

माझ्याच मुलाने मला नोकरीवरून काढून टाकले, ही बातमी मला जेवणाच्या ताटावर कळली. आमटी वाढता वाढता सौ. म्हणाली, "अहो, ऐकलंत का? काल रात्री तुम्हाला काढलं म्हणे. गुडघ्यामुळे."

एकवीस वर्षे बँकेत लेजर आणि काउंटर यांच्यामध्ये काढलेल्या माणसाच्या घशात असल्या वाक्याने घास अडकणारच. त्यातून माझा गुडघा खरोखरीच दुखतो. शनिवार पेठेतल्या आमच्या तीन मजली इमारतीला लिफ्ट नाही, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा बँकेने सौ.ला परस्पर कळवले की काय, अशीच शंका मला आली. मग चिरंजीवांनी खुलासा केला, "बाबा, तू नाही रे. गेममधला तू."

हा 'गेममधला मी' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवे. 'बॅटल ब्रदर्स' नावाचा एक कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या मंडळींनी तो २०१७ साली बाजारात आणला. त्यात तुम्ही पगारी शिपायांची एक टोळी पाळायची. त्यांना रोजचा पगार द्यायचा, खायला घालायचे, हत्यारे द्यायची आणि चालत्या सापळ्यांशी नि ऑर्क नावाच्या धिप्पाड राक्षसांशी लढायला लावायचे. शिपायांची नावे आपण ठेवायची. चिरंजीवांनी सगळी इमारतच भरती करून टाकली होती. त्यात इमारतीचे सेक्रेटरी होते, दूधवाले काका होते आणि भाला घेऊन आघाडीला मी होतो. सौ. मात्र टोळीत नव्हती. तिच्यावर हुकूम चालवण्याची छाती कॉम्प्युटरवरसुद्धा कोणाला झाली नसावी.

माझ्या मृत्यूची, म्हणजे बडतर्फीची, चौकशी करणे मला भागच होते. त्यासाठी मी सलग तीन रविवार तो खेळ पाहिला. आता तुम्ही म्हणाल, हा बी.कॉम. माणूस समीक्षा काय करणार? पण समीक्षा म्हणजे तरी काय? दुसऱ्याने लिहिलेल्या वह्या तपासायच्या आणि चूक सापडली की लाल शाईने खूण करायची. ते मी महिन्याच्या पगारावर करतोच आहे.

तर आधी जमेची बाजू. या खेळात जखम कायमची राहू शकते. किरकोळ जखमा चार दिवसांत भरतात, देवळात पैसे मोजले की त्याहून लवकर. पण घाव वर्मी बसून शिपाई कोसळला, तर कधी तो मरतो आणि कधी वाचतो. आणि वाचला तर काहीतरी गमावूनच वाचतो. डोळा जातो, बोट जाते, नाक जाते, गुडघा मोडतो. मग कोणताही देव पावत नाही. डोळा गेलेल्याचा नेम चुकतो. गुडघा मोडलेल्याला वार चुकवता येत नाही. डोक्याला मार बसून मेंदू बिघडलेला शिपाई इतर बाबतींत मंद होतो, पण त्याचा निर्धार मात्र वाढतो. खेळ रचणारा कधीतरी एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहिला असला पाहिजे.

ही गोष्ट लहान नाही. आपले बुद्धिबळ घ्या. मारला गेलेला हत्ती पुढच्या डावाला धडधाकट उभा असतो. घोड्याला लंगडताना कोणी पाहिलेले नाही. लढाई झाली, सोंगट्या डब्यात गेल्या, खाते बंद. या खेळात मात्र कालची शिल्लक आजच्या पानावर ओढावी लागते. एवढ्यापुरते मी त्या हॅम्बुर्गकरांना पैकीच्या पैकी गुण देतो.

लाल शाई लागते ती पुढे. या खेळाला जखम म्हणजे फक्त वजाबाकी वाटते. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर घसारा. यंत्राची किंमत दरसाल कमी करत जायची आणि एक दिवस भंगारात काढायची. बाबांचा गुडघा मोडला, वार चुकवण्याची ताकद उतरली, पगार मात्र तेवढाच. म्हणून नुकसानभरपाईची नाणी हातावर ठेवून बाबांना निरोप.

हाच हिशेब इतिहासाला लावून बघा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर महादजी शिंद्यांचा पाय जायबंदी झाला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचवले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले. पाय काही सुधारला नाही, जन्मभर लंगडा राहिला. आमच्या चिरंजीवांनी त्यांना १५ तारखेलाच नारळ दिला असता! मग १७७१ साली दिल्ली घेणार कोण, आणि शाह आलमला पुन्हा तख्तावर बसवणार कोण? वानवडीला महादजींची छत्री आहे. तिथे जाऊन कोणी सांगावे, की महाराज, आपली चपळाई कमी झाल्याने आपल्याला कमी करण्यात येत आहे.

लांब कशाला, आमच्या घरापासून लाल महाल दहा मिनिटांवर आहे. माझ्या गुडघ्याने वीस. एप्रिल १६६३ मध्ये शायिस्तेखानाची बोटे तिथे तुटली. औरंगजेबाने काय केले? बंगालला बदली! नोकरीतल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको. पण त्याच तुटक्या बोटांच्या खानाच्या सुभेदारीत १६६६ साली मोगलांनी चितगाव घेतले. आणि अलीकडचे उदाहरण हवे, तर मुरलीकांत पेटकर घ्या. सैन्यातला हा मुष्टियोद्धा १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. मुष्टियुद्ध संपले. त्यांनी पोहायला घेतले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून सुवर्णपदक आणले. खेळाच्या वहीत मुष्टियुद्धाच्या रकान्यात शून्य पडले असते. पोहण्याचा रकाना त्या वहीत छापलेलाच नाही.

एवढे सगळे मी चिरंजीवांना तावातावाने सुनावले. खरे कारण मात्र सांगितले नाही. ते तुम्हाला सांगतो.

आमचे नाना अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात ट्रेडल मशीन चालवायचे. मी पाच वर्षांचा असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे त्या मशीनमध्ये गेली. महिनाभर ते घरी बसून होते, आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मग मालक स्वतः जिना चढून आले आणि म्हणाले, "बोटं गेली, डोळे शाबूत आहेत ना? उद्यापासून प्रुफं बघा." पुढची चोवीस वर्षे नानांनी प्रुफे तपासली. ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत ते इतके कडक झाले, की माझ्या लग्नपत्रिकेतही त्यांनी तीन चुका काढल्या.

दिवाळीत आम्ही गॅलरीत किल्ला करत असू. माती, पोती, अळीव आणि कुंभाराकडचे मावळे. दरसाल खोक्यातून सैन्य बाहेर काढले की निम्म्यांचे हात मोडलेले. मी ते टाकून द्यायला निघालो की नाना म्हणायचे, "थांब. टाकायचं नाही. काम शोधायचं." तलवारीचा हात गेलेला मावळा टाक्यावर पहाऱ्याला बसे. पाय मोडलेला गुहेच्या तोंडाशी टेकून उभा राही. मुंडके उडालेल्या एका शूराला नानांनी बाजारपेठेत पोत्याआड झोपवले आणि म्हणाले, "हा हिशेबनीस. याला डोकं नसलं तरी चालतं." मी बँकेत लागल्यावर ही कोटी त्यांनी पुन्हा केली.

त्यामुळे चिरंजीवांनी शांतपणे उत्तर दिले तेव्हा मी जरा चपापलो. ते म्हणाले, "बाबा, तू पुढचं बघितलंच नाहीस. कायमची जखम झालेल्या माणसाला पैसे देऊन निवृत्त केलं ना, की मग कवायत शिकवणारा मास्तर ठेवता येतो. तो पण जखमी होऊन लढाई सोडलेलाच असतो. नवीन पोरं त्याच्या हाताखाली लवकर तयार होतात. मी तुला त्यासाठीच काढलं."

म्हणजे हॅम्बुर्गकरांनाही नानांचा नियम ठाऊक होता! मी लाल शाईचे पेन खिशात ठेवले. पण तपासनिसाला एखादा शेरा ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. मी विचारले, "म्हणजे तो मास्तर मीच का?"

चिरंजीवांनी पडद्याकडे पाहिले. "नाही. तू गेलास. हा दुसरा कोणीतरी आहे."

माझा आक्षेप आहे तो एवढाच, आणि तो मी कायम ठेवतो. जखमी माणसाला काम असते, हे या खेळाने ओळखले. पण त्याच जखमीला ते काम देण्याऐवजी एकाला निरोप देऊन दुसरा बोलावला. छापखान्याच्या मालकांनी प्रुफांसाठी नवा माणूस ठेवला असता, तर हिशेब तोच राहिला असता. फक्त आमच्या घरात लोक मोठ्याने बोलायला लागले नसते.

परवा रात्री चिरंजीव पुन्हा खेळत होते. दूधवाले काका एक डोळा गमावून बसले होते. मी मागे उभा होतो. बराच वेळ विचार करून त्यांनी काकांच्या हातचे धनुष्य काढून घेतले, त्यांना ढाल दिली आणि रांगेत सेक्रेटरींच्या शेजारी उभे केले.

"काढलं नाहीस?" मी विचारले.

"बघू," ते म्हणाले. "काहीतरी काम निघेल."